बोराटीची आडवी काटी

आमच्या गल्लीत कायद्यानं बांधलेली एकच भिंत आहे, आणि ती आमची. खाली बुटका दगडी थर, वर लोखंडी जाळी, मधे गेट, कोपरा नियमाप्रमाणं गोल कापलेला. परवा माहेरची एक बाई आली होती, ती म्हणाली, "काय झ्याक केलंय गं भिंतीचं!" मी हाव म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. खरं सांगायचं तर मला त्या भिंतीची किळस येते. सकाळी अंगण झाडताना झाडू तिला लागला तरी नको वाटतं. घरात मी हे बोलत नाही, कारण बोलले की मालक मान खाली घालून बसतात आणि मग मला त्यांचाही राग येतो.

ती भिंत आम्हाला मामांसाठी पाहिजे होती. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सुना सासऱ्याला मामाच म्हणतात. मामांचा सगळा जन्म चाकूरजवळच्या आमच्या गावात गेला, सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्यात. सासूबाई गेल्या तसं रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं आणि मामांना लातूरला आणलं. घर लातूरच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमधे. मालक नांदेडला बियाण्याच्या कंपनीत नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. लेक लग्न करून बिलोलीकडं दिलेली. म्हणजे आठवडाभर घरात मी, माझं शिलाई मशीन, बायकांची शिवायला आलेली ब्लाउजं आणि मामा.

मामा आधी चष्मा विसरायचे. मग जेवण विसरायला लागले. मग सासूबाई गेल्यात हेच विसरले. दुपारी ओसरीत बसून म्हणायचे, "तुझी सासू अजून भाकर घिऊन आली न्हाई माय." मी म्हणायची, येतील की. मग ते काठी घेऊन उठायचे. "रानात जातो. रान उघडं पडलंय." आणि चालायला लागायचे, ते थेट मोठ्या रस्त्याकडं. तिथं ट्रक कसे धावतात ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. एकदा एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. एकदा भाजीवालीनं हाताला धरून आणलं. मामा तिलाच सांगून राहिले होते, यंदा तूर चांगली आली म्हणून.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना एकटं बाहेर जाऊ देऊ नका. घराला गेट आहे ना?"

गेट होतं कुठं! आमचा प्लॉट कोपऱ्याचा. दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, आणि रस्त्याकडच्या दोन्ही बाजू सताड उघड्या. घर बांधलं तेव्हा भिंतीचं मागून बघू म्हणून राहिलं होतं. दाराला कडी लावून बघितली नाही असं नाही. मामा दार बडवायचे, "कोंडलं, मला कोंडलं" म्हणून लेकरासारखे रडायचे. ज्या माणसानं जन्म उघड्या रानात काढला त्याला कडीत ठेवायला माझा हात वळेना. अंगणात फिरावं, उन्हात बसावं आणि रस्त्यावर जाऊ नये, एवढंच पाहिजे होतं. त्याला एक भिंत आणि एक गेट पुरे होतं.

आता आमची गल्ली कशी आहे ते सांगते. एकाच्या पायऱ्या रस्त्यात. एकाचा ओटा नालीवर. एकानं शोषखड्डाच रस्त्याखाली खणला आणि वर तुळशीवृंदावन बसवलं, म्हणजे कुणाची बोलायची हिंमत नको. रोज संध्याकाळी तिथं उदबत्ती लागते आणि खाली काय आहे ते साऱ्या गल्लीच्या नाकाला माहीत असतं. यातल्या एकानंही कुठं अर्ज केलेला नाही. मिस्त्री आला, दोरी लावली, बांधलं. झालं.

आणि आमच्या समोरचे काका. कुठल्याशा खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांची भिंत डोक्याच्या वर, वरून काचा खोचलेल्या. भिंतीच्या बाहेर ओटा, ओट्याच्या बाहेर साखळी लावून गुलाबाच्या कुंड्या, सगळं रस्त्यात. त्यामुळं त्यांची मोठी गाडी गल्लीत वळायची नाही. मग ती कुठं वळायची? आमच्या उघड्या कोपऱ्यात. मी पाणी शिंपडून अंगण सारवल्यासारखं करायची आणि तासाभरात त्यावर यांच्या टायरांचे ठसे. काच खाली करून म्हणायचे, "सॉरी हं ताई." रोज तेच सॉरी.

मिस्त्री चुना टाकायला आला त्या दिवशी काका हात जोडून हजर. "बांधा की. बांधाच. म्हाताऱ्या माणसासाठी पाहिजेच. फक्त परवानगी घेऊन बांधा. कोपऱ्याचा प्लॉट आहे, उद्या कुणी तक्रार केली तर खामखा पाडावी लागेल." ते 'कुणी' म्हणताना माझ्या डोळ्यात बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मालकच म्हणाले, "खरं हाय त्यांचं. आपुन नियमानं करू."

मिस्त्रीनं दोरी गुंडाळली. जाता जाता मला म्हणाला, "ताई, आजच्या आज दोन थर लावून टाकले असते. आता तुम्ही इचारायला चाललात. बसा मंग."

महापालिकेच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, सगळं ऑनलाइन आहे. ऑनलाइन केलं तर निघालं की नकाशा पाहिजे, तो मान्यता असलेल्या माणसाकडूनच काढलेला पाहिजे. तोही काढला. त्यात कळलं की कोपऱ्याच्या प्लॉटला भिंत वर चढवता येत नाही; खाली बुटकी भिंत आणि वर आरपार दिसणारी जाळी घालायची, कोपरा गोल ठेवायचा, म्हणजे दोन्हीकडून येणाऱ्या गाड्यांना एकमेकी दिसतात. मला तो नियम पटला. खोटं कशाला बोलू? शहाण्या माणसानं केलेला नियम होता. आम्हाला कुठं किल्ला बांधायचा होता? मामांना रस्ता दिसला असता, हवा लागली असती, आणि गेटला कडी राहिली असती.

नियमाचं काही वाईट नव्हतं. वाईट हे होतं की सगळ्या गल्लीत तो एकट्या आमच्यावर बसला, कारण आम्ही एकट्यांनी त्याला घरी बोलावलं होतं.

अर्ज केला की त्रुटी निघायची. ती पुरी केली की दुसरी. सगळ्या एकदम सांगायला यांना काय ताप येत होता देव जाणे. एकदा फेरफार पाहिजे, एकदा सही पुसट आहे, एकदा साहेब ट्रेनिंगला गेलेत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी मशीन उचलून पुढच्या दाराशी आणलं, तोंड अंगणाकडं करून. बाही कापताना एक डोळा कात्रीवर आणि एक मामांवर. मशीन सोडून मोरीत जायचं म्हटलं तरी शेजारणीला हाक मारायची. दर शनिवारी मालक आले की मी विचारायची, काय झालं परवानगीचं? ते म्हणायचे, "प्रोसेसमधे हाय." माझ्या डोक्यात तिडीक जायची त्या शब्दानं.

शेवटी एकदाचा इंजिनिअर जागा बघायला आला. तरणाबांड गडी, डोळ्यावर काळा चष्मा. आमच्या अंगणात आला नाही. आधी समोर काकांकडं गेला, चहा घेतला, हसण्याचे आवाज आले. मग दोघं मिळून बाहेर आले आणि टेप धरला. टेपाचं एक टोक कुठं धरलं असेल? काकांच्या ओट्याच्या कडेला. तिथून आमच्याकडं रस्ता मोजत आले.

"रस्ता कमी भरतोय ताई," इंजिनिअर म्हणाला. "मंजूर नकाशात जेवढा दाखवलाय तेवढा न्हाई. तुम्हाला मागं सरकावं लागंल."

मी आयुष्यभर टेप गळ्यात घालून बसलेली बाई. मी म्हणाले, "साहेब, टेप चुकीच्या जागी धरलाय. ओटा रस्त्यात आहे त्यांचा. त्यांच्या भिंतीपासून धरा, न्हाई तर खऱ्या हद्दीपासून धरा. रस्ता पुरा भरतोय का न्हाई बघा."

तो हसला. "त्यांचा अर्ज न्हाई ना माझ्याकडं. माझ्याकडं तुमचा अर्ज हाय. ज्याचा अर्ज त्याचीच मोजणी."

अगं माय! मी तिथंच म्हणाले, "म्हंजी त्यांनी खायचं आणि वांती आम्ही करायची?"

काका कुंडीतल्या गुलाबाचं पान खुडत म्हणाले, "ताईंचं बोलणं लई तिखट आहे हं." इंजिनिअरनं मोबाइलवर आमच्या कोपऱ्याचा फोटो काढला. फोटोत ओटा येऊ नये म्हणून दोन पावलं बाजूला सरकून काढला. मी बघितलं ते. त्या दोन पावलांची मला आजही शिसारी येते.

मालकांना फोन केला तर म्हणाले, "भांडलीस का? भांडू नको. फाइल अडकंल." मी म्हणाले, आता काय ती पळून राहिलीय का? त्यांनी फोन ठेवला.

तोवर फाल्गुन लागला. मामांचं "रान उघडं पडलंय" वाढतच चाललं. तिकडं काकांची गाडी आता आमच्या ओसरीच्या पायरीपर्यंत आत यायला लागली, कारण कोपरा तर रस्त्यातच जाणार होता म्हणे. डुकरंही यायची. एक दिवस मला असह्य झालं. कोयता घेतला आणि वस्तीमागच्या नाल्यावर गेले. तिथं बोरीची झुडपं माजलेली. बोराटीच्या फांद्या तोडल्या, दोरीनं ओढत आणल्या. हातातून रक्त निघालं. म्हटलं, भिंत नसली तर नसली, डुकरं आणि गाडी तरी थांबेल.

मामा ओसरीतून बघत होते. मी फांदी टाकली तशी ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "असं न्हाई माय. बुडखा आत घे, शेंडा भायेर ठिव. बुडख्यावर धोंडा ठिव."

मी थक्क झाले. ज्या माणसाला सकाळी सदऱ्यात हात कुठून घालायचा ते सुधरत नव्हतं, तो मला कुंपण शिकवत होता. एकेक फांदी कशी गुंतवायची, फट कुठं राहिली, सगळं सांगितलं. दोन्ही बाजू आमच्या हद्दीच्या आत, रस्त्याला धक्का न लावता, आम्ही बंद केल्या. यायला-जायला एक वाट ठेवली. त्या वाटेवर मामांनी स्वतः बोराटीची एक लांब काटी आडवी टाकली. "आता कसं!" म्हणाले, आणि त्या रात्री पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठले. "रानात जातो." मी मशीन थांबवलं. मामा चालत वाटेपर्यंत गेले आणि आडव्या काटीपाशी थांबले. पलीकडं रस्ता होता, ऊन होतं. बराच वेळ बघत उभे राहिले. मग वळून मला विचारलं, "कुणाचं रान हाय गं हे?"

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून निघालं, "लोकाचं हाय मामा."

"मंग कसं जावं?" ते म्हणाले. "काटी लावलीया." आणि आले परत. ओसरीत बसले.

मी पदर तोंडात धरून रडले. गावाकडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. पेरणी झाली की रानाच्या वाटेला आडवी काटी टाकतात. ती काही लोखंडाची नसते. पायानं सारली तर सरकते. पण ती दिसली की दुसऱ्याच्या रानात माणूस पाय टाकत नाही. सुगी झाली, रास घरी गेली, की धनी काटी काढून टाकतो. मग रान मोकळं झालं म्हणतात, आणि कुणीही जावं, कुणाचीही जनावरं चरावी. तोवर मात्र विचारल्याशिवाय नाही. मामांच्या डोक्यातून बायको गेली होती, नातवंडं गेली होती, मी कोण ते गेलं होतं. एवढं एक मात्र राहिलं होतं.

ते दिवस आमचे लई बरे गेले. मामा अंगणभर फिरायचे, काटीपाशी जायचे, लोकाचं रान बघायचे, परत यायचे. मी मोरीत निवांत जायला लागले. एवढ्याशा सुखाचं कुणाला काय वाटावं? पण मला वाटायचं, जाऊ दे त्या परवानगीला मसणात. बोराटी वाळली की नवीन आणीन.

पण काकांची गाडी वळेना. त्यांना आता गल्लीच्या तोंडापासून मागं मागं यावं लागायचं, मान वाकडी करून. एकदा चिडून त्यांनी जोरात चाक आत घातलं, आणि बसलं पंक्चर. काटा माझ्या अंगणातला, चाक माझ्या अंगणात घातलेलं, तरी चूक माझी! त्यांनी वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोराटीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'सुशिक्षित वस्तीत हा जंगली प्रकार शोभतो का? लहान मुलांना इजा झाली तर जबाबदार कोण?' शेवटी हात जोडल्याचं चित्र. त्याला भराभर अंगठे आले. नालीवर ओटा असलेल्यानं अंगठा दिला. तुळशीवाल्यानं तर लिहिलं, 'सार्वजनिक रस्ता सर्वांचा आहे.' थू! मी तो ग्रुप तिथंच सोडला.

आणि बघा, ज्या ऑफिसला आमच्या अंगणात यायला पाऊस-दिवाळी लागली होती, ते दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पो घेऊन दारात. तोच इंजिनिअर, तोच चष्मा. बरोबर आकड्या घेतलेली माणसं.

"विनापरवाना कुंपण हाय," तो म्हणाला.

"साहेब, काट्या आहेत. वाळलेल्या काट्या. माझ्या हद्दीत आहेत."

"कुंपण ते कुंपण. अर्ज चालू असताना जागेवर काही करता येत न्हाई."

मी त्याला हात जोडले. तोवर आयुष्यात मी कुठल्या हाफिसरापुढं हात जोडले नव्हते. म्हणाले, "माझे सासरे भ्रमिष्ट आहेत. त्या एका काटीवर थांबतात. बाकीच्या घेऊन जा. वाटेवरची ती एक आडवी तेवढी राहू द्या."

तो काकांकडं बघून हसला. "एका काटीनं माणूस थांबत असता तर आम्हाला भिंतीची परवानगी कामून मागितली असती ताई?"

गल्ली जमली होती, गॅलरीतून बघत होती. ज्यांची ब्लाउजं माझ्या मशीनवर पडलेली होती त्या बायासुद्धा. आकड्यांनी त्यांनी फांद्या ओढल्या, टेम्पोत टाकल्या. इंजिनिअर मला म्हणाला, पंचनाम्यावर सही करा, टेम्पोच्या पुढं या. कुंपण काढलं, माझी हरकत नाही, असं लिहिलेलं. मी म्हणाले हरकत आहे. तो म्हणाला, मग केस होईल आणि भिंतीचा अर्जही रद्द होईल. टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं माझ्याकडून सही घेतली आणि मोकळ्या कोपऱ्याचा फोटो काढला. या वेळीही ओटा येऊ दिला नाही.

मी वळून बघितलं तर ओसरी रिकामी होती. काठीही नव्हती.

घरात बघितलं, मोरीत बघितलं, मागं बघितलं. हाका मारत रस्त्यावर आले. एवढी गल्ली बघून राहिली होती, पण सगळ्यांचे डोळे टेम्पोवर, आणि म्हातारा गर्दीतून निघून गेला तो एकाला दिसला नाही. मी अनवाणी मोठ्या रस्त्यापर्यंत पळाले. उन्हाळा तापलेला, डांबर पायाला चिकटत होतं. रिक्षावाल्यांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं. मालकांना फोन केला. ते नांदेडहून निघाले. वाटेतून सारखे फोन करून राहिले, "सापडले का? सापडले का?" ज्या रस्त्यानं त्यांची बस येत होती त्याच रस्त्यानं त्यांचा बाप चाकूरकडं चालत गेला होता. पण ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

मामांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आत मी कापडाची चौकोनी पट्टी शिवली होती, तिच्यावर माझा फोन नंबर, लाल दोऱ्यानं भरलेला. दिवस कलताना त्या नंबरावर फोन आला. मेंढरं चारणारा एक माणूस बोलत होता. म्हणाला, नांदेड रोडच्या खालच्या अंगाला नांगरलेलं रान आहे, तिथं ढेकळांत एक बाबा बसलेत. मी विचारलं, बोलतात का? तो म्हणाला, "तुम्ही या बाई."

मामा मोकळ्या रानाच्या मधोमध होते. सावलीला एक झाड नाही. काठी मांडीवर आडवी. बांधावर त्यांच्या चपला जोडीनं काढून ठेवलेल्या, खळ्यात जाताना काढतात तशा. अंग अजून गरम होतं, पण ती उन्हाची ऊब होती.

तेराव्याला समोरचे काका पांढरे कपडे घालून आले. मालकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याच्या मर्जीपुढं कुणाचं चालतं?" आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सोन्यासारखं मरण आलं. पडून राहिले नाहीत." मला त्यांच्या हाताचा, त्यांच्या अत्तराचा, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा इतका वीट आला की मी उठून मागं गेले आणि खरोखर ओकले. बायकांना वाटलं, उपासानं झालं.

परवानगी त्यानंतर आली. मोबाइल वाजला आणि त्यावर 'अभिनंदन' असं लिहून आलं. कोपऱ्याची पट्टी रस्त्याला सोडायच्या अटीवर मंजूर. मालकांनी मिस्त्रीला बोलावलं. मी विचारलं, "आता कुणासाठी?"

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "मुदत असती तिला. मुदतीत न्हाई बांधलं तर परत पहिल्यापासून अर्ज."

बाप गेला, आणि या माणसाला मुदतीची काळजी! त्या रात्री मी त्यांच्या ताटात वाढलं आणि उठून मशीनवर जाऊन बसले. पुढं कधीतरी मला कळलं की दर शनिवारी मी बाजारात गेले की ते एक थर स्वतः हातानं लावत होते आणि त्या वेळी मिस्त्रीला लांब उभं करत होते. पण राग आहे तो आहे. भिंत उभी राहिली. सोडलेल्या पट्टीवर काकांची गाडी आता झोकात वळते.

गेटला रंग देत होतो त्या दिवशी तोच टेम्पो गल्लीत आला, नालीतला गाळ उचलायला. त्यातला एक माणूस आमच्या गेटपाशी थबकला. आकडी खाली ठेवली. गेट उघडंच होतं, तरी आत आला नाही. मी म्हणाले, काय पाहिजे? तो म्हणाला, "पाणी द्या बाई." पाणी दिलं. प्याला नाही, तांब्या हातात धरून उभा राहिला.

"बाई, काट्या काढल्या त्या दिशी मी व्हतो," तो म्हणाला. "ती वाटेवरची काटी मीच काढली. बाबा जवळ आले. लई अदबीनं इचारलं त्यांनी मला. म्हणले, 'पावणं, झाली का रास? रान मोकळं झालं का?' मला काय ठावं? मी हासण्यावारी म्हणलं, हाव बाबा, झालं मोकळं. तर म्हणले, 'जाऊ का मंग?' मी म्हणलं, जावा की."

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं सांगितलं ते साधं होतं. शिवी द्यायला तोंड उघडू नये असा तो एकटाच माणूस होता त्या सगळ्या ऑफिसात. मी म्हणाले, "पाणी प्या." तो प्याला आणि गेला.

साऱ्या गल्लीनं कुणाला न विचारता बांधलं. मालकांनी विचारलं, त्याला पावसाळा लागला, दिवाळी लागली, कोपरा द्यावा लागला. मामांनीही विचारलंच होतं. विचारल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात लोकाच्या रानात पाय टाकला नव्हता. आणि त्यांना मात्र त्या ऑफिसच्या माणसानं उभ्या उभ्या, हसत, परवानगी दिली.